बाबा, ही माणसं युरोपात का जाऊ पाहतात

तिबिलिसी, जॉर्जिया
19 जानेवारी 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आजीच्या पायांवर डोकं ठेवते. दादानं हे पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मधलं काही गाळू नये. फोनवर बाबा चिडले की मला बोलताच येत नाही, आई रडायला लागते, आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. फोटो काढून दादाच्या मोबाइलवर पाठवते.

सगळ्यात आधी हे, की मी सुखरूप आहे. युरोपियन युनियनमध्ये जायची बोलणी इथल्या सरकारनं लांबवली म्हणून नोव्हेंबरपासून लोक निदर्शनं करताहेत, त्याचीच तुम्हाला काळजी. टीव्हीवर जो रस्ता दाखवतात तो रुस्तावेली, तिथल्या संसदेसमोरचा तेवढाच भाग. मी राहते सबुरतालोत. तिथून तो रस्ता लांब आहे आणि माझ्या कॉलेजच्या वाटेवर येत नाही. लोक जमतात ते संध्याकाळी, कामं आटोपून. दिवसा मेट्रो चालू, दुकानं उघडी, शाळा भरलेल्या. आमचा एकही तास बुडालेला नाही. मी त्या गर्दीत जात नाही, आमच्यातलं कुणीच जात नाही. परदेशी मुलांनी दुसऱ्याच्या देशातल्या भांडणात उतरायचं नसतं, व्हिसा जाऊ शकतो, हे मला कळतं बाबा. पण जायचं नाही म्हणजे बघायचंही नाही, विचारायचंही नाही, असं होत नाही ना? ज्या घरात राहते त्या घरात रात्रंदिवस तोच विषय आहे.

आईचं दुसरं भय गुडौरीचं, म्हणजे इथल्या डोंगरातल्या बर्फाच्या खेळांच्या गावाचं. डिसेंबरात तिथं बंद जागेत साचलेल्या विषारी वायूनं आपली भारतीय माणसं झोपेत गेली. ती बातमी आली तेव्हा आम्ही सगळेच हादरलो होतो. माझ्या खोलीत गॅसचा हीटर नाही, भिंतीला पाण्याचा रेडिएटर आहे, आणि रात्री खिडकीची फट मी उघडी ठेवते. थंडी वाजली तर आजीची गोधडी आहे. आता या विषयावर आईनं झोप घालवू नये.

जेवणाचं आणि अभ्यासाचं तुम्हाला फोनवर कळतंच, ते परत लिहीत नाही.

आता बाबांचा प्रश्न. तुम्ही म्हणालात, "इतक्या कष्टानं स्वातंत्र्य मिळवलं, आणि आता परत दुसऱ्याच्या युनियनमध्ये शिरायला ही माणसं रस्त्यावर मार खातात, याला काय म्हणायचं?" त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. मी घरमालकीण आजीलाच विचारलं. इथे आजीला बेबिया म्हणतात, मीही तसंच म्हणते. तिचं इंग्रजी नाही आणि माझं जॉर्जियन मोडकंतोडकं, म्हणून तिचा नातू मध्ये बसला. बेबिया बराच वेळ बोलली.

ती मूळची सुखुमीची. काळ्या समुद्राकाठचं ते शहर अबखाझियात, म्हणजे जॉर्जियातून फुटून निघालेल्या भागात आहे. 1992 ला तिथं लढाई पेटली, 27 सप्टेंबर 1993 ला सुखुमी पडलं आणि दोन लाखांहून जास्त जॉर्जियन माणसं घर सोडून पळाली. बेबिया लेकीला घेऊन डोंगरातून चालत आली, चुबेरीच्या खिंडीतून. वर बर्फ पडत होतं, अंगावर घरातलेच कपडे. त्या वाटेवर कितीतरी माणसं गारठून मेली. तिबिलिसीत आल्यावर सरकारनं निर्वासितांना मिळेल तिथं ठेवलं. तिला मिळाली इवेरिया हॉटेलची एक खोली. रुस्तावेलीच्या टोकाचं ते नावाजलेलं उंच हॉटेल, पण त्या वर्षांत त्याच्या प्रत्येक गॅलरीला फळ्या, पत्रे नि ताडपत्र्या ठोकून लोकांनी जास्तीची खोली केलेली होती, आणि दोऱ्यांवर धुणं. बेबिया गॅलरीत स्वयंपाक करायची. अजूनही ती डिसेंबरात संत्री आणते ना, ती एकेक हातात घेऊन बघते आणि नातवाला म्हणते, आपल्या अंगणातल्या झाडाची साल याहून पातळ होती.

पुढे 2008 च्या ऑगस्टमध्ये रशियाशी पाच दिवसांचं युद्ध झालं. तेव्हापासून देशाचा साधारण पाचवा हिस्सा, अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया, पूर्णपणे यांच्या हातातून गेला. तिथं रशियाचं सैन्य बसलंय. काही गावांत तर कुंपणाची काटेरी तार शेतातून आणि अंगणातून गेली आहे. खुरवालेती गावात एका म्हाताऱ्याचं घर त्या तारेपलीकडे गेलं, आणि तो तारेजवळ उभा राहून भेटायला आलेल्यांशी बोलायचा. बाबा, आपल्या विहिरीजवळच्या बांधावरून भावकीशी केवढं झालं होतं आठवतं ना? इथं बांध रातोरात सरकतो, आणि दाद मागायला ना तलाठी ना कोर्ट.

म्हणून ही माणसं युनियन म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात आधी पैसा नसतो. आपण एकटे पडू नये, एवढंच असतं. 37 लाखांचा देश, आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढी माणसं. एकट्यानं उभं राहायची हौस त्यांची फिटलेली आहे. 1918 ला ते स्वतंत्र झाले होते, आणि 1921 च्या फेब्रुवारीत लाल सैन्य आत आलं. मग सत्तर वर्षं ते एका युनियनमध्येच होते, सोव्हिएत युनियनमध्ये. तिथं त्यांना कुणी विचारून घेतलं नव्हतं आणि बाहेर पडायचं म्हटलं तर रणगाडे येत. 9 एप्रिल 1989 ला याच रुस्तावेलीवर, याच संसदेसमोर, शांतपणे बसलेल्या लोकांवर सैन्य सोडलं. त्यात मेलेल्यांत बहुतेक बाया होत्या, काही शाळकरी पोरी. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, 1991 ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हा स्वातंत्र्याची किंमत यांना माहीत नाही असं बाबांनी म्हणू नये.

युरोपियन युनियनचं तसं नाही, हा फरक मला नातवानं समजावला. तिथं अर्ज करावा लागतो, वर्षानुवर्षं तुमची कोर्टं, निवडणुका, हिशेब तपासतात, आणि आत असलेल्या 27 च्या 27 देशांनी हो म्हटलं तरच घेतात. आत गेल्यावर माल्टाएवढ्या चिमुकल्या देशालाही मोठ्या निर्णयात नाही म्हणायचा हक्क असतो. आणि नको झालं तर बाहेर पडता येतं, ब्रिटन 2020 ला पडलाच की. रणगाडे काही आले नाहीत. तो म्हणाला, ज्या घराचं दार आतून उघडता येतं त्या घरात जायला भीती कसली?

त्याच्या बोलण्यात सारखा एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांचा विषय येतो. तेही सोव्हिएतमध्ये होते, तेही 1991 लाच सुटले. 2004 ला ते तिघं युनियनमध्ये गेले आणि आज त्यांच्या अंगणात कुणी तार टाकत नाही. समुद्रापलीकडचे रोमानिया आणि बल्गेरिया 2007 ला गेले. आपणच मागे का राहिलो, ही खंत इथं प्रत्येक घरात आहे. झुराब झ्वानिया नावाचे त्यांचे नेते 1999 ला स्ट्रासबर्गला, युरोपातल्या देशांच्या परिषदेत म्हणाले होते, "मी जॉर्जियन आहे, म्हणूनच मी युरोपियन आहे." ते वाक्य इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. कितीतरी वर्षं जनमत चाचण्यांत साधारण 80 टक्के लोक युनियनच्या बाजूनं कौल देत आलेत. शहरातलेच नाहीत, खेड्यातलेही.

बेबियाचं कारण मात्र आणखी वेगळं आहे. तिची लेक इटलीत बारीला असते, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला. तिथं जॉर्जियाच्या शेकडो बाया हेच काम करतात. 2017 पासून यांना युरोपात व्हिसा लागत नाही, पण ती सवलत फक्त फिरण्यापुरती, 180 दिवसांत 90 दिवस. काम करायचा हक्क नाही. कागद नीट नसले की बाई तिथं अडकते. घरी आली तर परत जाता येईल याचा भरवसा नाही, म्हणून येतच नाही. मिनीबसवाल्याबरोबर खोकी येतात, त्यात पास्ता, साबण, नातवाचे बूट, आणि मध्ये घडी घातलेले पैसे. बेबिया म्हणाली, मी युरोपचे कायदे वाचले नाहीत, मला एवढंच कळतं की आम्ही आत असतो तर माझी पोरगी दिवाळी-दसऱ्याला घरी आली असती. दिवाळी-दसरा माझा, ती ईस्टर म्हणाली होती.

तिच्यासमोर बसून मला तुमची फार आठवण आली, पण ते असू दे.

आणि सगळेच एका सुरात बोलतात असंही नाही. आमच्या गल्लीत भट्टीतली पाव-रोटी विकणारा माणूस सरकारच्या बाजूचा आहे. त्याचा भाऊ 2008 ला गेला. तो म्हणतो, युक्रेनकडे बघा, आपल्याला तसं व्हायचंय का? ऑक्टोबरच्या निवडणुकीआधी सत्ताधारी पक्षानं चौकाचौकांत तसलेच फलक लावले होते, एका बाजूला युक्रेनची पडलेली घरं, दुसऱ्या बाजूला इथली धडधाकट. त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. भाऊ गेलेल्या माणसाला कोण समजावणार? पण गंमत अशी की त्याच पक्षाच्या फलकांवर युरोपियन युनियनच्या झेंड्यावरचे तारेही होते, "शांततेनं, सन्मानानं, समृद्धीनं युरोपकडे" असं लिहून. म्हणजे युरोपला नको म्हणायची हिंमत त्यांनाही नव्हती. देशाच्या घटनेच्या 78 व्या कलमातच लिहिलंय की सरकारी यंत्रणांनी युनियनमध्ये जाण्यासाठी सगळे प्रयत्न करायचे.

म्हणूनच 28 नोव्हेंबरला पंतप्रधान कोबाखिद्झे जेव्हा म्हणाले की 2028 संपेपर्यंत प्रवेशाची बोलणी विषयपत्रिकेवर घेणार नाही, तेव्हा लोकांना वाटलं, मत मागताना एक आणि मत मिळाल्यावर दुसरं. त्या निवडणुकीचा निकालही विरोधकांनी मान्य केलेला नव्हता. त्याच रात्री लोक बाहेर पडले. पाण्याचे फवारे, अश्रुधूर, धरपकड, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. टीव्हीवर न दिसलेलं सांगते. आमच्या समोरच्या मजल्यावर एक शाळाशिक्षिका राहते, वय पन्नाशीच्या पुढे, संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की थर्मासमध्ये चहा भरते, गळ्यात पोहण्याचा चष्मा अडकवते आणि जाते. चष्मा अश्रुधुरासाठी. रात्री उशिरा जिन्यात तिची पावलं वाजली की बेबिया दार किलकिलं करून बघते आणि मगच झोपते. 28 डिसेंबरला शहरभर कित्येक किलोमीटरची मानवी साखळी झाली, तीत हीसुद्धा होती. बाबा, ही काही दगड मारणारी माणसं नाहीत. तुम्ही रोज शाळेच्या फाटकाशी ज्यांना नमस्कार करता तसली माणसं आहेत.

आजी रझाकारांच्या वेळच्या गोष्टी सांगायची. तिचे वडील रात्री मळ्यात लपून राहायचे, आणि 1948 ला निजामाचं राज्य गेल्यावर गावात साखर वाटली होती. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात गेला तेव्हा अटी घातल्या नाहीत, आपलं माणूस मिळतंय एवढंच बघितलं, असं ती म्हणायची. आजीला हे पत्र लवकर कळेल असं मला वाटतं.

आता थोडं चांगलं सांगते, नाहीतर आई म्हणेल पोरीनं पत्रभर लढायाच लिहिल्या.

इथं नव्या वर्षाला एक रीत आहे, तिला मेक्वले म्हणतात, आणि ती मला पहिल्यांदा काही केल्या कळेना. रात्री बारा वाजले की घराचं दार बंद. आत असलेल्यांनी बाहेर जायचं नाही आणि बाहेरच्या कुणीही उगाच आत यायचं नाही, अगदी शेजारीण मीठ मागायला आली तरी तिला उंबऱ्याबाहेर थांबवतात. वर्षातलं पहिलं पाऊल ज्याचं पडेल त्याच्या पायगुणानं घराचं वर्ष जातं, असा पक्का समज. म्हणून माणूस आधीच ठरवून ठेवतात, मागच्या वर्षी ज्याचं भलं झालं असा. त्या माणसानं हातात गोड घेऊन, उजवा पाय आधी टाकून आत यायचं, खोलीभर गोळ्या-चॉकलेटं उधळायची, आणि म्हणायचं की पाऊल माझं, पण माग देवदूताचा उमटो. मग घरच्यांनी त्याला खाऊ घालायचं. वर्ष वाईट गेलं तर लोक खरंच मेक्वलेचं नाव घेतात आणि पुढच्या वर्षी दुसरा बघतात! एवढ्यावर थांबत नाही, 2 जानेवारीला परत नशिबाचा दिवस असतो, त्या दिवशी जसं वागाल तसं वर्षभर वागणं होतं म्हणून त्या दिवशी भांडत नाहीत, उसनं देत नाहीत, नवे कपडे घालून बसतात. डॉक्टर, इंजिनिअर, सगळे पाळतात.

या वर्षी बेबियानं मला मेक्वले केलं. एकतीसला नातू संध्याकाळीच रुस्तावेलीवर गेला. लोकांनी संसदेसमोर रस्त्यावरच लांबच लांब टेबलं मांडली होती, घराघरांतून पदार्थ आणून. बेबियानंही अक्रोडाच्या रश्शातल्या कोंबडीचं पातेलं कापडात बांधून त्याच्याकडे दिलं. तिचे गुडघे धरतात, आणि घर रिकामं ठेवायचं नाही म्हणून ती राहिली. बाराला तिनं मला जिन्यात उभं केलं, हातात अक्रोड आणि मधाच्या वड्यांची ताटली. बाहेर फटाके, जिन्यात कडाक्याची थंडी. मग मी दार वाजवलं, उजवा पाय टाकला, ते वाक्य पाठ केलेलं म्हटलं. ती म्हणाली, आता असंही म्हण, की या वर्षी माझी लेक येवो. मी म्हटलं. नातू पहाटे आला, पातेलं धुतल्यासारखं रिकामं. अनोळखी लोकांनी पुसून खाल्लं म्हणून बेबिया दिवसभर खूश होती.

14 जानेवारीला यांचं जुन्या पंचांगाचं नवं वर्ष असतं, म्हणजे आपली संक्रांतच. आईनं पाठवलेला तिळगूळ मी सगळ्यांना वाटला, त्या रोटीवाल्यालासुद्धा. तो आणि शिक्षिका एकमेकांशी बोलत नाहीत सध्या. दोघांनाही दिला.

आता पैशाचं. डॉलर 86 च्या वर गेलाय, त्यामुळे फेब्रुवारीचा हप्ता मागच्यापेक्षा जास्त बसणार. हे मला माहीत आहे, आणि दादा माझ्यापासून ते लपवतो हेही. सोयाबीनला हमीभाव 4892 आणि बाजारात त्याच्याही खाली, म्हणून पोती घरातच पडलीत, हे आईच्या तोंडून निसटलं. बाबा, विहिरीजवळचा तुकडा विकू नका. माझ्यासाठी तर नकोच. मी कॉलेजात अर्ज दिलाय, हप्ता दोन भागांत घेतात, आणि नातवाला आणि त्याच्या दोन मित्रांना इंग्रजी शिकवते म्हणून बेबियानं भाडं कमी केलंय. खोटं वाटलं तर व्हिडिओवर तिच्याशी बोलून घ्या. नवा कोटही घेतला नाही, जुना चांगला आहे.

दादाच्या लग्नाचं. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरलात हे उत्तम झालं, माझ्यासाठी पुढे ढकलू नका. त्या सुमारास माझ्या परीक्षा जवळ येतात, आणि तिकिटाच्या पैशांत वहिनीचं एखादं दागिन्याचं काम होईल. करवली म्हणून मावशीच्या चिमीला उभं करा, तिला हौस आहे. मला वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण तुम्ही त्याचा विचार करू नका. हळदीचा व्हिडिओ मात्र सुरुवातीपासून लावून ठेवा, आणि फोन कुठेतरी नीट टेकवा, मागच्या वेळी अख्खा वेळ छतच दिसत होतं.

मामांनी आणलेल्या पुण्याच्या स्थळाबद्दल आईनं तीनदा विषय काढला. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण माझं डॉक्टरकीचं तिसरं वर्ष चाललंय, पुढे इंटर्नशिपही इथंच करावी लागते आणि परत आल्यावर आपल्याकडची परीक्षा. ते सोडून आता होकार दिला तर तुम्ही घातलेल्या पैशाचं काय? मामांना सांगा की पोरगी उलट बोलली नाही, फक्त वेळ मागते आहे. आणि इथं माझं कुणाशी काही नाही, हे आईनं आडून विचारण्यापेक्षा सरळ विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. नातू माझ्याहून लहान आहे आणि मला बहीण मानतो.

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये. आजीच्या डोळ्याची तारीख घ्या, मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका, आता तसं थांबावं लागत नाही. हप्त्याची पावती आली की दादाला पाठवते, आणि बँकेच्या साहेबांना लागणारं कॉलेजचं पत्र सोमवारी मिळेल.

तुमची लाडकी,
सोनू